भावोजींनी लावलेले पंख

आमच्या ताईच्या घरी चहाला गेलात तर खुशाल चहा प्या, पण कपाचा कान निरखून बघू नका. तो त्या कपाचा नसतो. निळ्या कपाला पांढरा कान, पांढऱ्याला फुलाफुलांचा, आणि एका बिचाऱ्या कपाला तर दोन्ही बाजूंना कान आहेत, कारण एक कान उरला होता आणि भावोजींच्या मते तो वाया घालवणं बरं नव्हतं. खुर्चीचा एक पाय टेबलाचा आहे. टेबलाचा पाय कुठून आणला हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

मोडलेली वस्तू भावोजींना बघवत नाही. घरात कुणी रुसलं, रडलं तर त्यांच्या गावीही नसतं, पण कशाला बारीकशी चीर गेलेली दिसली की सरसाची वाटी घेऊन धावतील. ताई म्हणते, "मी एकदा पडून फुटायला हवी, म्हणजे तरी यांचं माझ्याकडे लक्ष जाईल." यावर भावोजी तिच्याकडे खरोखरच काळजीने बघतात, कुठून सुरुवात करावी अशा नजरेने.

हा माणूस संग्रहालयात किडे लावतो. लावतो म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल झाडं लावतात तसं काहीतरी. शेतातून, रानातून, कुणाच्या दिव्याखालून किडे येतात ते मेलेले, वाळलेले, पाय पोटाशी घेतलेले. भावोजी त्यांना ओलसर वाळूच्या डब्यात ठेवून मऊ करतात, पाठीतून बारीक टाचणी घालतात, खोबणीच्या फळीवर पंख पसरतात आणि कागदाच्या पट्ट्यांनी दाबून ठेवतात. वाळल्यावर किडा असा दिसतो की आता उडेल. दिवसभर डांबरगोळ्यांच्या वासात बसून त्यांच्याही अंगाला तोच वास लागलाय, त्यामुळे ताईच्या लोकरी कपड्यांना कसर लागत नाही. संग्रहालयात सगळे त्यांना टाचणीमास्तर म्हणतात. मी तिथेच तिकिटाच्या खिडकीत बसते, म्हणजे त्यांची थट्टा करायचा मला मेहुणी म्हणूनही हक्क आहे आणि कामाच्या नात्यानेही. दोन्ही हक्क मी इमानाने बजावते.

संग्रहालयात एक नियम आहे. काचेच्या कपाटातले किडे लोकांनी बघायचे. त्यांचा पाय तुटला, मिशी गळली, तर दुसऱ्या किड्याची आणून जोडायला हरकत नाही. शाळेची मुलं काही पाय मोजत बसत नाहीत. पण खणांमधले किडे अभ्यासाचे. ते जसे आले तसेच ठेवायचे, लंगडे तर लंगडे, आंधळे तर आंधळे. हा नियम भावोजींना तोंडपाठ होता, फक्त पसंत नव्हता. खिडकीजवळच्या त्यांच्या टेबलावर सुट्या अवयवांची एक पेटी असते, एका कप्प्यात पंख, एकात पाय, एकात मिश्या, आणि अभ्यासाचा एखादा लंगडा किडा समोर आला की त्यांची नजर त्या पेटीकडे जाऊन परत येते. जिभेवर खडीसाखर ठेवून चावू नको म्हटल्यावर लहान मुलाचं होतं, तसं.

किड्यांच्या विभागाच्या प्रमुख म्हणजे बाई. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून येतील, पण दिव्यावर येणाऱ्या पाखराच्या मिशीवरचा एक केस कमी असला तर लगेच सांगतील. बोलणं मोजकं. कुणावर ओरडल्याचं मी कधी ऐकलं नाही, आणि म्हणूनच सगळे त्यांना घाबरतात.

बाई म्हणतात, पाखराची जात ओळखायची तर रंगरूपावर जाऊन भागत नाही. नराचा एक विशिष्ट भाग भिंगाखाली बघावा लागतो. प्रत्येक जातीत त्याचा आकार वेगळा, किल्लीसारखा. एका जातीची किल्ली दुसऱ्या जातीच्या कुलपाला लागत नाही, मग त्यांचा संसार जमत नाही, आणि संसार जमत नाही म्हणजेच जाती वेगळ्या. हा भाग काढून छोट्या पुठ्ठ्यावर चिकटवायचं काम भावोजींचं. हात अगदी स्थिर, पण त्याचं नाव घ्यायची वेळ आली की कानाच्या पाळ्या लाल. बाईंना ते सांगायचे, "तो... भाग तयार आहे." घरी तर तेवढंही नाही. मी ताईसमोर मुद्दाम विचारायची, "भावोजी, आज कोणता भाग?" की हे उठून कपाचे कान तपासायला जात.

आता गोष्टीकडे येते. आमच्या समोरच्या समुद्रात, पहाटे निघालं तर ऊन चढेपर्यंत पोहोचावं इतक्या अंतरावर, एक बेट आहे. झाड नाही, घर नाही, नुसते खडक, खुरटं गवत आणि वारा. तिथे एक करडं पाखरू मिळतं. आपल्याकडे रस्त्यावरच्या दिव्याभोवती भिरभिरतात, पुस्तकात ज्यांना पतंग म्हणतात, त्यांच्याच कुळातलं. बाईंचं म्हणणं होतं की कधीकाळी एखाद्या वादळात इथलीच काही पाखरं तिकडे फेकली गेली, तिथेच अडकली, आणि इतक्या पिढ्या वेगळी राहिली की आता ती निराळीच जात झाली आहे. पण बाईंनी म्हणून भागत नाही. नव्या जातीसाठी एक अख्खं, धडधाकट पाखरू संग्रहालयात कायमचं ठेवावं लागतं. पुढे जगात कुणालाही शंका आली तर त्याने त्या एका पाखराशी ताडून बघायचं. संग्रहालयाचे मोठे साहेब बाईंना स्पष्ट बोलले होते, "या हंगामात ते पाखरू माझ्यासमोर ठेवा, नाहीतर बेटाचा नाद सोडा." बाईंनी आयुष्याची उमेदीची वर्षं त्या बेटावर घालवलेली. सोडा म्हणणं सोपं होतं.

म्हणून बाई बेटावर तंबू ठोकून राहिल्या आणि सापडली ती पाखरं पेटीत भरून नावाड्याबरोबर पुढे पाठवली. निरोप दोन शब्दांचा: "जपून लावा." मोजकं बोलणाऱ्या माणसांचं हे असं असतं. आणखी चार शब्द खर्च केले असते तर ही गोष्टच झाली नसती.

हे पाखरू भावोजींनी आजवर बघितलेलं नव्हतं. त्यांनी पेटी उघडली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एकाही पाखराला पंख धड नाहीत! अंग भरलेलं, मिश्या पिसासारख्या सुंदर, आणि पंखांच्या जागी नखाएवढे थोटके. भावोजी तडक माझ्या खिडकीशी आले. तिथे नावाडी पाणी पीत उभा होता.

"पेटी आपटलीस?" भावोजी कडाडले. कडाडले म्हणजे त्यांच्या मानाने, एरवी तो आवाज कुणी खोकण्यासाठी काढतं.

"मास्तर, पेटी मी मांडीवर घेऊन आलो," नावाडी म्हणाला. "बायकोला पण कधी असं आणलं नाही."

"मग पंख काय मासे खाऊन गेले?"

नावाड्याने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. सगळ्या पाखरांचे पंख एकाच मापाने कसे तुटतील, हा प्रश्न पडायला डोकं मोकळं असावं लागतं. भावोजींचं डोकं दयेनं काठोकाठ भरलेलं होतं. बाई बिचाऱ्या वाऱ्यापावसात तिकडे उपाशीतापाशी राहताहेत आणि त्यांच्या पाखरांची ही दशा! नियम आहे, कबूल. पण नियम एखाद्या लंगड्यासाठी असतो, सगळं गावच लंगडं झालं तर नियम काय करणार? अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि दार लोटून कामाला बसले.

पुढचे काही दिवस ते जेवायचं विसरले. सुट्या अवयवांच्या पेटीत दिव्याखालच्या पाखरांचे पंख भरपूर होते. सांधा नीट बसावा म्हणून त्यांनी आधी ते थोटके बारीक कात्रीने मुळापासून कापले, मग अखंड पंख जोडले. आणि काय सांगू, इतके चपखल बसले की भावोजींनाच नवल वाटलं. त्याच ताग्यातलं ठिगळ लागावं तसे. मी डबा द्यायला गेले तेव्हा खणात सगळी पाखरं पंख पसरून ओळीने उभी होती. भावोजींच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी ताईच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

बाई परत आल्या त्या दिवशी त्यांचे ओठ खाऱ्या वाऱ्याने फुटले होते आणि नाकाची सालं निघाली होती. त्या थेट भावोजींच्या टेबलाशी आल्या. मीही चहाचं निमित्त काढून आत गेले, कारण भावोजींचं कौतुक होताना बघायची संधी वरचेवर येत नाही. भावोजींनी हात मागे बांधले आणि हनुवटीने खणाकडे खूण केली.

बाईंनी खण ओढला. एक टाचणी उचलून भिंगाखाली धरली. मग म्हणाल्या, "यांना पंख कुठून आले?"

"जोडले की," भावोजी म्हणाले. "सगळ्यांना. कळतसुद्धा नाही, बघा."

"आणि होते ते?"

"होते कुठे? तुटके थोटके होते नुसते. कापून टाकले, सांध्यात येत होते."

बाई खाली बसल्या. त्यांच्या मागे खुर्ची नव्हती, एक खोकं होतं, त्यावर बसल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मास्तर," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ते तुटलेले नव्हते. ती पाखरं तशीच जन्मतात."

भावोजींना काही कळलं नाही. बाईंनी सांगितलं, आणि मोजकं बोलणाऱ्या बाई त्या दिवशी पुष्कळ बोलल्या. बेटावर वारा कधी थांबत नाही. ज्याचे पंख मोठे, तो उडायला जातो आणि समुद्रात पडतो. त्याची पिल्लं होत नाहीत. ज्याचे पंख जरा आखूड, तो गवत धरून राहतो, त्याला पिल्लं होतात, आणि तीही आखूड पंखांची. त्यांतली जी आणखी आखूड ती आणखी टिकतात. किनाऱ्याकडून नवं पाखरू येत नाही, बेटावरचं इकडे येत नाही. आपलं आपणच. असं करत करत पंख एवढेसे राहिले, आणि एका कुळाची दोन कुळं झाली.

"हे व्हायला किती पिढ्या लागल्या असतील, माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही आठवड्यात सगळ्यांना परत घरी आणलंत."

यात राग नव्हता, आणि तेच भावोजींना सोसवेना. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं म्हणायची माझ्या जिभेला फार खाज सुटली होती, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी कप उचलले आणि बाहेर आले.

गोष्ट साहेबांपर्यंत जायची ती गेलीच. त्यांनी दोघांना बोलावून निकाल सांगितला. हंगाम सरत आला होता, पाखरं अजून थोडेच दिवस दिसणार होती. तेवढ्यात एक अख्खं पाखरू आलं तर ठीक. नाही आलं तर बाईंनी बेट विसरायचं, आणि टाचणीमास्तरांनी खिडकीजवळचं टेबल मोकळं करून फाटकावरच्या खुर्चीत बसायचं. फाटकावर बसून लोकांच्या पिशव्या बघायच्या! भावोजी फाटकावर बसले असते तर फाटलेल्या पिशव्यांना ठिगळं लावत बसले असते, असं मी ताईला म्हटलं. ती हसली नाही. "त्या टेबलावरून उठवलं तर हा माणूस जगायचा नाही गं," ती म्हणाली. मग मलाही हसू येईना.

दुसऱ्या दिवशी भावोजी बाईंपुढे जाऊन उभे राहिले. "मी येतो बेटावर," ते म्हणाले. "माझ्यामुळे गेलं, मी शोधतो."

आता भावोजी आणि पाणी यांचं नातं सांगितल्याशिवाय या वाक्याचं वजन कळणार नाही. हा माणूस रस्त्यातलं डबकं दिसलं की पलीकडच्या गल्लीने जातो. आंघोळीलासुद्धा बादलीकडे आधी संशयाने बघून मग तांब्या बुडवतो. बेटावरचे बाकीचे किडे आयुष्यभर हाताळले, पण बेट बघितलं ते फक्त खिडकीतून, आणि तेही काच बंद करून. ताईने मला बाजूला घेतलं. "तूही जा," ती म्हणाली. "बुडालेच तर मला येऊन सांगायला कुणीतरी घरचं हवं." मी तिकिटाची खिडकी बंद करून निघाले.

नाव तीच, नावाडीही तोच. पेटी आपटल्याचा आरोप तो विसरला नव्हता. भावोजी जीव मुठीत धरून आणि दुसऱ्या मुठीत छत्री धरून बसले, तसा तो म्हणाला, "मास्तर, मांडीवर घेऊ का? पेटीपेक्षा जड नसाल." भावोजींनी उत्तर दिलं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर उत्तराआधी नाश्ता बाहेर आला असता. थोड्या वेळाने तोंड न उघडताही आला. बाई शांतपणे त्यांची पाठ चोळत होत्या आणि लाटांकडे बघत होत्या.

बेटावर पाय ठेवल्याबरोबर भावोजींनी ऊन लागू नये म्हणून छत्री उघडली. ती त्यांच्या हातातून अशी गेली की काडकन आवाज ऐकू येईपर्यंत ती खडकांवरून पलीकडे गेलेली, आणि मग पाण्यात उलटी होऊन निघाली, काळी, डौलदार, परदेशाच्या दिशेने. आम्ही तिघं बघत उभे राहिलो.

"हं," बाई म्हणाल्या. "मोठे पंख."

भावोजींनी कोटाच्या बाह्या आणि घेर सुतळीने बांधून घेतला. गोणपाटात गुंडाळलेल्या सामानासारखे दिसत होते, पण त्यानंतर वाऱ्याने त्यांना हात लावला नाही. मग आम्ही शोधायला लागलो. दगड उचलायचा, खाली बघायचं, परत तसाच ठेवायचा. गवताचा झुपका बाजूला करायचा, मुळाशी बघायचं. बाई एका बाजूला गेल्या, आम्ही दोघं दुसऱ्या. माझे गुडघे सोलले, केसांत वाळू गेली. भावोजी तर काही बघतच नव्हते असं मला वाटलं. नंतर कळलं की त्यांना दिसत नव्हतं. सगळा जन्म त्यांनी न हलणारे किडे बघितले होते. हलणारा किडा कसा शोधायचा हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

दुपार कलायला लागली. पाखराचा पत्ता नाही. बाई लांबून हात हलवून "नाही" म्हणत होत्या. खाली नावाडी ओरडत होता, वारा फिरतोय, निघायला हवं. भावोजी एका खडकाच्या आडोशाला पोटावर पालथे पडले होते, अगदी निपचित. मी जवळ गेले तशी त्यांनी डोळ्यांनीच खूण केली. हलू नको.

त्यांच्या कोपराच्या आडोशाला, जिथे वारा पोहोचत नव्हता, तिथे ते आलं होतं. गवताच्या काडीवरून उतरलं आणि तुरुतुरु चालत भावोजींच्या बाहीवर चढलं. करडं, नखाएवढ्या पंखांचं. मनगटापर्यंत आलं आणि थांबलं. मग त्याने ते थोटके पंख थरथरवले, इतक्या वेगाने की ते दिसेनासे झाले, आणि एक उडी मारून भावोजींच्या बोटावर बसलं. वाऱ्याचा झोत आला. आमचे डोळे मिटले, गवत जमिनीला टेकलं. डोळे उघडले तर ते तिथेच.

"हलतात गं," भावोजी कुजबुजले. "पंख हलतात याचे."

मी बाटली काढली. बाईंनी दिलेली, तळाशी औषधाचा बोळा असलेली. भावोजींनी बाटलीकडे बघितलं आणि मला एकदम उमगलं. इतकी वर्षं किडे हाताळलेल्या या माणसाने आजवर एकही किडा मारला नव्हता. त्याच्याकडे येत ते मेलेलेच. तो त्यांना जिवंत दिसतील असं करून द्यायचा, हेच त्याचं काम.

"राहू द्या, मी करते," मी म्हटलं.

"नको." ते पाखराकडेच बघत होते. "याला लागतं का गं? किती वेळ?"

"थोडाच, म्हणाल्या बाई."

खालून नावाडी पुन्हा ओरडला. सोडून द्यायचं तर एक बोट हलवायचं होतं, बस. माझ्या मनात आलं, सोडा, जाऊ दे, फाटकावर बसा. आणि त्याच वेळी लांब वाऱ्यात वाकून दगड उचलणाऱ्या बाई दिसल्या, आणि ताईचा चेहराही आठवला.  हा निर्णय माझा नव्हता.

भावोजींनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि बोटापुढे धरली.  पाखरू आपणहून आत चालत गेलं. बूच लावताना कडेला जरासं अडकलं. त्यांनी बाटली छातीशी धरली आणि ते थांबेपर्यंत बघत राहिले. नजर वळवली नाही. नावेत येतानाही त्यांनी बाटली कोटाच्या आत धरली होती, आणि या खेपेला त्यांना एकदाही उलटी झाली नाही. नावाडी थट्टा करायला तोंड उघडून परत मिटून बसला.

संग्रहालयात भावोजींनी पाखरू लावलं. फळीवर पसरलं तेव्हा ते थोटके पंख किती रेखीव आहेत ते दिसलं. कडेला झालर, मधे रेषा, सगळं पुरतं, काही अर्धवट नाही. फक्त पुढचा एक पाय नव्हता. तो बाटलीत सापडला, बुचाच्या कडेला.

बाईंनी भिंगातून बघितलं. "पाय त्याचाच आहे," त्या म्हणाल्या. "त्याचाच पाय त्याला जोडला तर नियमात बसतं, मास्तर. जोडा. तुमच्याइतकं बेमालूम कोण जोडणार?"

भावोजींनी सरस घेतला. कुंचल्याच्या टोकावर तो पाय उचलला. हे म्हणजे मांजरापुढे दुधाची वाटी ठेवून वर आग्रह करण्यासारखं होतं. पण त्यांनी कुंचला खाली ठेवला. पुठ्ठ्याचा एक बारीक तुकडा कापला, त्यावर तो पाय चिकटवला आणि तो तुकडा त्याच टाचणीत, पाखराच्या खाली, खोवला. 

साहेब आले. त्यांनी बाईंचं भिंग घेऊन वाकून बराच वेळ बघितलं, आधी पंख, मग बाकीचं.

"पाय तुटलाय," साहेब म्हणाले. "आणि तो तसाच ठेवलाय? तुम्ही?"

भावोजी उभे होते. "माझ्या हातून मोडला, साहेब. बाटलीत घालताना. जोडला असता तर कुणाला कळलं नसतं."

"मग?"

"मग उद्या कुणीतरी पंखांकडे बघेल आणि म्हणेल, हा माणूस बेमालूम जोडतो, पंखांचंही यानेच काहीतरी केलं असेल." त्यांनी पाखराकडे बोट केलं. "मोडलेलं मोडलेलं दिसू दे, साहेब. म्हणजे जे मोडलेलं नाही, ते कळेल."

साहेबांनी भिंग बाईंपुढे धरलं. बाईंनी ते घेतलं नाही, त्या भावोजींकडे बघत होत्या. साहेबांनी खिडकीजवळची खुर्ची ओढून पुढे केली.

"बसा, मास्तर," ते म्हणाले. "या पाखराची चिठ्ठी लिहायला घ्या. हेच कायमचं ठेवायचं."

भावोजी आपल्या टेबलाशी बसले, आणि मग मात्र त्यांना रडू आवरलं नाही.